गवरीतली माळ

लेकाला जाऊन तिसरा दिवस, तरी दगडाबाई परड्यात बसून गवऱ्या थापत होती. बैलाला कुठं सुतक कळतं? त्यानं शेण टाकलं आणि बाईनं सवयीनं पाटी भरली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून मी शेजारनं भाकरी घेऊन गेले होते. तिला म्हटलं, आजच्या दिवस तरी राहू दे. हाताला काम नसलं की डोकं फिरतं, असं म्हणाली आणि वाळलेल्या दोन गवऱ्या उडव्याच्या ढिगावर रचायला उठली.

उडवा जाग्यावर नव्हता. नुसती ओलसर काळी जमीन होती आणि तिच्यावर किडे फिरत होते. दगडाबाई तिकडं बघत राहिली, मग तिच्या हातातल्या गवऱ्या खाली पडल्या.

"माळ," ती म्हणाली. "सरूची माळ जाळली गं म्या."

मला आधी काही उमगेना. तिला घडाघडा बोलताही येईना, पण एकेक करून कळलं. रझाकारांच्या दिवसांत आमच्या शेंद्र्यात ज्याच्याकडं गुंजभर सोनं होतं त्यानं ते दडवलं होतं. कुणी पेवात, कुणी भिंतीत. पण भिंती खणतात, पेवं उपसतात. शेणात हात कोण घालतो? दगडाबाईनं सुनेची, सरूबाईची, पुतळ्यांची माळ ओल्या गवरीत थापली आणि वाळल्यावर ती उडव्याच्या पोटात घातली. कुठं दडवली ते लेकाला सांगितलं नाही. मार बसला तर रामकिसनच्या तोंडून निघून जाईल, ही तिची भीती.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, गावानं श्वास सोडला. धामधुमीत यांचा एक बैल गेला होता. माळ मोडून दुसरा आणायचा आणि हंगाम जायच्या आत ज्वारी पेरायची, असं मायलेकांचं ठरलं. तेवढ्यात बांधावर गवत कापताना रामकिसनला साप चावला. दिवस मावळायच्या आत काळानिळा पडला. माणसं सरणाला गवऱ्या मागायला आली, तेव्हा दगडाबाईनंच उडव्याकडं बोट दाखवलं होतं. "समद्या न्या," म्हणाली होती. "माझं लेकरू अर्धं जळू नगा देऊ."

ती शेणाच्या हातांनी सुखना नदीकडं पळत सुटली. मागनं मी. राख सावडायला बायका जात नाहीत, हे मलाही ठाऊक होतं, पण तिला एकटी कशी सोडू?

नदीवर अस्थी वेचून गाडग्यात भरल्या होत्या आणि पुंजाराम पाट्या भरभरून राख पाण्यात सोडत होता. पुंजाराम म्हणजे दगडाबाईचा चुलत दीर. यांचं रान पडीक राहिलं की ते वाट्यानं करायचं, हे त्यानं मयताच्या दिवशीच बोलून दाखवलं होतं. असा गुणाचा माणूस. दगडाबाईनं त्याच्या हातातली पाटी ओढली आणि राखेत बसली. तिला येड लागलं, असं लोक म्हणायला लागले. मी काय ते सांगितलं, तर सगळे गप झाले.

पुंजाराम मात्र गप राहिला नाही. सरणात गेलं ते मेलेल्याचं, ते घरात आणलं तर घर बसेल, असं त्यानं चारचौघांत सुनावलं. दोनचार म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या.

तेवढ्यात सरूबाई आली; परड्यातलं आमचं बोलणं तिनं घरातनं ऐकलं असावं. तीन दिवस तोंडातून शब्द न काढलेली ती पोर डोक्यावर पदर घेऊन, काखेत सूप मारून आली. तिनं सूप सासूपुढं ठेवलं.

"मामंजी," ती पुंजारामला म्हणाली, "बैल आणायचं ह्यांनीच ठरवलं व्हतं. म्या ह्यांच्यापून घेते. मसणापून नाय."

मग त्या आईनं आपल्या लेकाची राख सुपात घेऊन पाखडली. मी जन्मात तसलं काही बघितलं नव्हतं आणि देव करो नि पुन्हा न दिसो. वारा राख उडवायचा, ती तिच्या केसांत, तोंडावर बसायची. ती पुसायची नाही. पाण्यात किती गेलं ते नदीला माहीत. राखेत वितळलेले दोन थेंब सापडले, मसुराएवढे. मोठा गोळा निघाला गाडग्यात. एका हाडाला घट्ट चिकटला होता, म्हणून वेचणाऱ्यानं काळा खडा समजून हाडासकट भरला होता.

गावातल्या गयासच्या बैलगाडीतनं आम्ही तिघी औरंगाबादला सराफ्यात गेलो. अ‍ॅक्शननंतरच्या त्या दिवसांत मुसलमान म्हणून त्याला एकट्यानं शहरात जायची धास्ती वाटायची. "तुम बायामान्सं साथ हो, तो मेरेकू बी धीर है," म्हणाला आणि गाडी जुंपली.

सोनार म्हातारा होता. त्यानं गोळा कसोटीवर घासला, तराजूत टाकला, आणि बैल येईल यात, असं म्हणाला. सरूबाईनं डोळे मिटले. मग त्यानं गोळा उलटा करून बघितला आणि विचारलं, हे आत काय अडकलंय? त्याचं त्यालाच कळलं असावं. चिमट्यानं ओढून बघितलं, टोचणीनं कोरून बघितलं. हाड निघेना.

"हे असं निघायचं नाही, बाई," तो हळूच म्हणाला. "मुशीत घालून आटवावं लागंल. आतलं जळून जाईल."

"म्हंजी त्याला परत जाळायचं?" दगडाबाईनं विचारलं.

सरूबाईच्या तोंडाला पदर होता, पण तिनंच मानेनं हो म्हटलं. पेरणीचे दिवस सरत आले होते. सोनारानं शेगडीत कोळसे घातले. मी दगडाबाईच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, आक्का, चल, आपण बाहेर ओट्यावर बसू.

तिनं माझा हात सोडवला आणि शेगडीजवळ सरकून बसली.

"पयल्या बारीला मला येऊ दिलं नाय," ती म्हणाली. "आता बसू दे."