मेंढ्या विकून घेतलेला लॅपटॉप

ज्ञानेश्वरीचा लॅपटॉप इतका म्हातारा झाला होता, की त्याची बिजागरी चिकटपट्टीनं बांधलेली होती. त्याच्यावर ती घरबसल्या शेंद्र्याच्या एका कारखान्याची ड्रॉइंग करायची. ऑक्टोबरपासून या सिस्टीमला सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत, असं पडद्यावर रोज येत होतं, आणि नवी सिस्टीम या म्हाताऱ्याला काही पेलत नव्हती. कारखान्यानं तर कळवूनच टाकलं, की असल्या मशीनवर दिवाळीनंतर काम मिळणार नाही. तरी बाईसाहेब ढिम्म.

"अगं, हातातलं काम जाईल," नवरा अंगद सांगून सांगून थकला.

"बघू," एवढंच ती म्हणायची.

बघायचं काय होतं? लॅपटॉप तिच्या वडिलांनी, त्रिंबकआबांनी, कळपातल्या मेंढ्या विकून घेऊन दिला होता. तो अडगळीत टाकला तर आबांना काय वाटेल, यातच तिचा जीव अडकला होता. इंजिनीअरिंगच्या कॉलेजपासूनचं सगळं तिनं त्याच्यावरच मिळवलं होतं. आबांना सरळ विचारायचं, तर तो धीर नव्हता.

खंडेनवमीला आबा वेरूळकडून झेंडूची फुलं घेऊन मुकुंदवाडीला लेकीकडे आले. पाटावर अंगदचे पाने-पकडी, विळी आणि मधोमध लॅपटॉप मांडलेला होता. ज्ञानेश्वरीनं हळदकुंकू वाहिलं. आबांचं लक्ष चिकटपट्टीकडे गेलं आणि त्यांचा पारा चढला.

"जावईबापू, राग मानू नका. लेकीच्या संसारात बापानं तोंड घालू नाय, म्हणून इतकी वर्षं गप बसलो. पण पोरगी ह्या डबड्यावर मान मोडून राबती. तिला एक धड मशीन घेऊन देववंना व्हय तुमाला?"

अंगद हातात नारळ घेऊन तसाच उभा राहिला. नवा घे म्हणून ज्यानं घसा कोरडा केला, त्याच्याच माथी कंजुषीचा आळ!

"आबा, त्यांना काय बोलू नका," ज्ञानेश्वरी घाईनं म्हणाली. "मीच घेत नाय. तुमी मेंढ्या विकून आणलेला, कसा टाकू?"

आबांनी कपाळाला हात लावला. "लई येडी हायेस. मेंढ्या काय ह्या डबड्यासाठी विकल्या? तू शिकावी म्हणून विकल्या. शिकलीस. मिटलं की!"

अंगद खो खो हसत सुटला. ज्ञानेश्वरीला रडूही आलं आणि हसूही. एकमेकांचं मन दुखू नये म्हणून बापलेक इतके दिवस तोंड मिटून बसले होते आणि फुकट झुरत होते.

आज हत्यारांना हात लावायचा नव्हता. "उद्या दसरा आहे, पैठण गेटला जाऊन नवा घेऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "आबा, तुमी पण चला."

आबांनी पटका सारखा केला.

"हा घेतला तवा मी दुकानाच्या बाहेरच थांबलो व्हतो, माय. तुला सांगितलं, बिडी वढतो म्हणून. बिडी कसली! ते काचेचं दार, आतली ती माणसं, आन् माझं हे मळकं धोतर. लाज वाटली."

"आणि उद्या?"

"उद्या आत येतो की. इंजिनेराचा बाप हाये मी."