पिवळ्या फुलांची पारख

मित्रांनो, तुम्ही मला हातात घेतलेत, तर आधी नाकाशी न्याल आणि म्हणाल, याला मेंढीचा वास येतो. खरे आहे ते. मी एक जुने भिंग आहे, अंगठ्याएवढे, पितळी झाकणात मिटणारे. माझी पहिली तीस वर्षे ऑस्ट्रेलियातल्या माळरानावर, मेंढ्यांची लोकर कातरतात त्या शेडमध्ये गेली. माझे मालक आल्फ पेटिग्रू लोकरीची प्रत ठरवत. माझ्यातून बट पाहायची आणि ती कुठल्या ढिगात टाकायची ते सांगायचे, हे त्यांचे काम. कातरणारे गडी त्यांना वचकून असत, आणि तेव्हा मीही जरा तोऱ्यातच होते.

आल्फ गेले आणि मी बटणांच्या डब्यात पडले. अकरा वर्षे मला कोणी विचारले नाही. झाकणावर हिरवट गंज चढला. पुढे त्यांची मुलगी नोलीन शाळेतून निवृत्त झाली, रानफुलांच्या नादी लागली आणि एकदा बटण शोधताना तिला मी सापडले. तिने मला घासूनपुसून लख्ख केले आणि बुटाच्या नाडीला बांधून गळ्यात अडकवले. ते उपकार मी विसरलेले नाही.

आंटी व्हर्ना ही नोलीनची जिवाभावाची मैत्रीण, वय वर्षे एक्याऐंशी. या भूमीची मूळ माणसे म्हणजे तिचेच पूर्वज. त्यांच्या बायका टोकदार काठीने मुरनाँगचे कंद उकरत आणि मातीच्या भट्टीत भाजत. वर पिवळे फूल, खाली पांढरा कंद. मग मेंढ्या आल्या आणि त्यांनी माळच्या माळ मुळासकट फस्त केले. मी लोकरीच्या जिवावरच नावारूपाला आलेले, त्यामुळे हे ऐकताना मला फार अवघडल्यासारखे होई.

"मुरनाँग गोड असतं," असे व्हर्नाची आजी शेवटपर्यंत सांगत होती. म्हणून व्हर्नाने रोपवाटिकेतून रोपे आणली, तीन वर्षे पोरासारखी वाढवली आणि सप्टेंबरात सगळ्यांना बोलावून भट्टी लावली. निघाल्या त्या बारीक मुळ्यांच्या जुड्या, आणि त्याही कडूजहर. जो तो मान खाली घालून चावत राहिला.

गावच्या दफनभूमीतले गवत कापणारा क्लेम तेवढा बोलला. "आंटी, हे खाऊन तुमची माणसं जगली? कमाल आहे हां."

"तुझ्या हातचं खाऊन तुझी बायको जगतेयच की," व्हर्ना म्हणाली.

सगळे हसले. पण घरी जाताना तिने नोलीनला हळूच विचारले, "आजी खोटं बोलली असेल का गं? आम्हा पोरांना बरं वाटावं म्हणून?"

"आजी कशाला खोटं बोलेल? फूलच दुसरं असेल," नोलीन म्हणाली.

मुरनाँगला सख्ख्या बहिणी आहेत. तेच पिवळे फूल, तीच गवतासारखी पाने, तशीच मान खाली घातलेली कळी. रोपवाटिकेत साऱ्यांना एकच नाव. खरा फरक मुळांत, आणि मूळ उपटून पाहावे तर झाड जाते. राहता राहिले बी, आणि ते पाहायला मी.

दफनभूमीत कधी नांगर फिरला नव्हता, मेंढी शिरली नव्हती. ऑक्टोबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, तिथे थडग्यांमधून पिवळी फुले डोलू लागली. नोलीन बी पिकण्याची वाट पाहत होती. नोव्हेंबरात पहिल्या बिया पिकल्या, तेवढ्यात क्लेमने गवत कापायचे यंत्र धार लावायला काढले.

"तण आहे ते, बाई. निम्मं तर माझ्या आईच्या अंगावर उगवलंय. शनिवारी सगळं सपाट करणार. वणव्याचा मोसम कुणासाठी थांबतो का?"

"शुक्रवारी इथे ये," नोलीन म्हणाली. क्लेम शाळेत तिचा विद्यार्थी होता. कुरकुरत का होईना, आला. व्हर्नाही काठी घेऊन आली होती.

नोलीनने आधी त्याला खरे तण दाखवले: केसाळ पाने, फांद्या फुटलेला देठ, ताठ कळी. "बघ, आमच्या फुलाचा देठ एकटा असतो, त्याला पानं नसतात." मग व्हर्नाच्या हातावर दोन बिया ठेवल्या, एक रोपवाटिकेच्या झाडाची, एक इथली. दोन्हींच्या डोक्यावर झुलपे. व्हर्नाने मला डोळ्याशी धरले. पहिलीचे केस बारीक आणि दाट, चाळीसनंतर ती मोजणेच विसरली. दुसरीचे मोजके, बुडाशी रुंद. तिने ते तीनदा मोजले.

"अठरा," ती म्हणाली. "नोलीन, ही दुसरीच आहे."

क्लेमने मला जवळजवळ ओढूनच घेतले. बराच वेळ पाहिले. नंतर आईच्या थडग्याशी जाऊन उकिडवा बसला.

"आंटी, आईच्या उशाचं एक काढा," तो म्हणाला. "तिला चालेल."

व्हर्नाने काठीने माती सैल केली. एकच कंद निघाला, बोटभर, गुबगुबीत. तो पुसून तिने तसाच कच्चा दातांखाली धरला. आम्ही तिघे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती चावायची थांबली. डोळे वाहू लागले.

"आजी," ती म्हणाली, "माझं चुकलं गं."

क्लेम आता तिथले गवत जानेवारीत कापतो, बी सांडून गेल्यावर. व्हर्नाच्या वाफ्यात त्या बियांची रोपे आली आहेत.

मित्रांनो, माझ्या काचेला आता चरा पडला आहे, तरी नोलीन मला टाकत नाही, आणि म्हातारपणी इतके पाहायला मिळाले याबद्दल मी तिची फार आभारी आहे. तुम्हाला एवढेच सांगणे आहे. उपटण्याआधी एकदा गुडघे टेकून बघा. एका नातीने आपल्या आजीला दोन महिने खोटे मानले, आणि त्या दोन महिन्यांत ती नीट जेवली नव्हती.