बांधाच्या पोटातली वाट

मित्रांनो, मी तलावाचा जुना मातीचा बांध आहे. रोज तुम्ही माझ्या पाठीवर उड्या मारता, पण माझ्या पोटात काय चालले आहे याची तुम्हाला कल्पना नाही.

माझा जन्म टोपल्याटोपल्यांनी झाला. गांडुळांनी आणि मुंग्यांनी वर्षानुवर्षे उकरून मऊ केलेली माती माणसांनी थरावर थर घालून चोपली. त्यामुळे बिळे करणाऱ्यांवर माझा राग नाही. जमीन घडवतात तेच आणि पोखरतातही तेच.

माझा राखणदार हे ओळखून होता. खेकड्याचे किंवा घुशीचे बीळ दिसले, की तो तोंडाशी धूर करायचा. धूर दुसरीकडे कुठून निघतो ते बघायचा आणि तिथपर्यंत खणून चिकणमाती ठासायचा. एकेका बिळाला दोन-दोन दिवस लागत. लोक हसायचे, "म्हाताऱ्यानं खेकड्यांपायी जन्म घालवला!" मी मात्र निर्धास्त असायचो.

तो थकून घरी बसला. नव्या मुकादमाने एका दिवसात सगळ्या बिळांची तोंडे सिमेंटने लिंपली. राखणदार काठी टेकत आला.

"साहेब, तोंडं बुजवलीत, पण आतली वाट तशीच आहे."

"आजोबा, एक तरी भोक दिसतंय का? मग झालं तर!"

सगळ्यांनी माझी वाहवा केली. बडा घर पोकळ वासा, तशी माझी गत झाली. आत कोंडलेल्या घुशींनी नव्या वाटा उकरल्या. यंदा तलाव काठोकाठ भरला आणि पाण्याला त्या वाटा सापडल्या. मला फार भीती वाटते आहे.

माझ्या पायथ्याशी थोडे पाणी झिरपते. राखणदाराची नात शाळेतून येताना तिथे पाय धुते. तिचे घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आजोबांनी तिला बजावले होते, "नितळ पाणी आलं तर घाबरू नकोस. गढूळ आलं की धावत सांगायला ये."

आज दुपारी तिने पाय धुतले, तर ते आणखीच मळले. "किती चिखल तुडवला गं मी!" असे म्हणून ती हसली आणि तुमच्यात खेळायला आली.

मित्रांनो, तो चिखल तिच्या पायांचा नव्हता, माझ्या पोटातला होता. मला ओरडता येत नाही. खेळ थांबवा. माझ्या पाठीवरून उतरा आणि तिच्या आजोबांना सांगा, की पाणी गढूळ आले.