शिंपल्याची पूड

"वैनी, तलंगांना शिंपला घालू नगा. अंडी घालाया लागल्या की मग घाला. आत्ता कोवळ्या हायती, त्यांना न्हाई सोसायचं," असं साळूबाईनं सांगितलं होतं, आणि शालन नुसती हसली होती. नगरच्या कॉलेजात ती दोन वर्षं जीवशास्त्र शिकलेली. साळूबाई चार घरच्या गावठी कोंबड्या राखून म्हातारी झालेली, आता शालनच्या घरी कामाला.

बाळंतपणात सासूनं शालनला रोज चुन्याची निवळी पाजली होती, हाडं धरतात म्हणून. सात महिन्यांच्या बबीलाही तीच थेंब थेंब चालू होती. मग पुण्याहून आणलेल्या दोनशे पांढऱ्या तलंगांची, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांची, हाडं का नकोत धरायला? तिनं रोजच्या भरड्यात ओंजळभर शिंपल्याची पूड घालायला लावली. महिन्याभरात काही तलंगा लंगडायला लागल्या, तेव्हा तिला वाटलं, पूडच कमी पडतेय. तिनं दोन ओंजळी सांगितल्या. त्यात बहात्तरचा दुष्काळ. केडगावातल्या त्यांच्या विहिरीत नुसता गाळ, पाणी टँकरचं. तलंगांच्या भांड्यात दुपारनंतर थेंब नसायचा.

त्या सकाळी शेडमध्ये एकतीस मेलेल्या निघाल्या. जिवंत होत्या त्या मेलेल्यांची आतडी ओढून खात होत्या. शालनचा नवरा राधाकृष्ण आत शिरला आणि जिला उभं राहता येईना तिची मान पिळत सुटला. एक फेकली की दुसरी. एकीचं मुंडकं त्याच्या मुठीतच राहिलं आणि धड भिंतीवर आपटत फिरलं. बबीला कडेवर घेऊन शालन दारात उभी होती. तिची नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती.

कोपऱ्यात साळूबाई भरडा कालवत होती.

"ती पांढरी पूड कसली गं?" राधाकृष्णनं विचारलं.

"शिंपला हाय, मालक."

"गावात कुनाची कोंबडी मेली न्हाई. माझ्याच बऱ्या मरत्यात. कुनी शिकवलं तुला हे घालायला?"

"वैनींनी. त्यांनाच इचारा की. मी तर नगा म्हनत हुते."

तो वळला. मनगटापर्यंत हात रक्तानं माखले होते. "तू सांगितलंस?"

"मला नाही ठाऊक," शालन म्हणाली.

त्यानं दाराचा अडसर उपसला. पहिला तडाखा साळूबाईच्या कानावर बसला, दुसरा खांद्यावर. ती पाण्याच्या भांड्यावर कोसळली तेव्हा त्यानं अडसर टाकला आणि लाथा घालायला लागला. बरगडीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. बबी किंचाळत होती. साळूबाई दाराकडे बघत राहिली. शालनला दोन पावलं पुढं जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. तिनं बबीचं तोंड छातीशी दाबून धरलं.

दुपारी साळूबाई भिंत धरत निघून गेली. कानातलं रक्त पदरावर गळत होतं.

मग शालननं एक मेलेली तलंग विळीवर धरून फाडली. कॉलेजात बेडूक फाडला होता, तशीच. हृदयावर, यकृतावर खडूचा भुगा फासल्यासारखा पांढरा थर होता. पाठीच्या कण्याला चिकटलेली मूत्रपिंडं तांबूस असायला हवीत. ती फुगून पांढुरकी झाली होती आणि त्यांच्या नळ्यांत खडू भरलेला होता. अंडी घालणारी कोंबडी शिंपल्यातला चुना अंड्याच्या कवचात घालवते. या तलंगांना तशी वाटच नव्हती. सगळा भार मूत्रपिंडांवर आला, आणि त्यातून वाहायला पाणीही नव्हतं.

रक्ताचे हात तसेच घेऊन ती राधाकृष्णपुढं गेली. "मीच घालायला लावलं होतं. ती नको म्हणत होती."

त्यानं तिच्या तोंडावर इतक्या जोरात मारलं की पुढचा दात ओठात रुतला. "आता बोल्लीस ते बोल्लीस," तो म्हणाला. "ह्या उंबऱ्याभाईर गेलं, तर पोरगी ठिवून माहेरी जायचं."

साळूबाईनं कोंबड्यांना विष घातलं, असं केडगावभर झालं. तिला कुणी गोठ्यात उभं करीना. ती राहात्याला लेकीकडं गेली, एवढंच कळलं. शालनला अजूनही एकटीला घराबाहेर पडू देत नाहीत, आणि पत्र टाकलं तर ते आधी राधाकृष्णच्या हाती पडतं.

म्हणून हे वाचणाऱ्याला तिचं मागणं आहे. राहात्याला जाणं झालं, तर बाजारतळाशी साळूबाईची लेक रतनबाई भाजी विकते, तिला विचारा. साळूबाईला मार बसलेल्या कानानं ऐकू येतं का, श्वास घेताना कूस धरावी लागते का, पोटभर मिळतं का, बघा. आणि दुसऱ्या कानाशी वाकून सांगा, की पूड शालननंच घालायला लावली होती. साळूबाई जिवंत आहे का, तेवढं आधी बघा.