चवळीखाऊ बाई

तिसरीच्या वर्गात सत्त्याऐंशी पोरं, त्यातली एकतीस त्राओरे. आणि बाईंचं आडनाव कोने. झालं, इथंच सगळं घोडं अडलं होतं. कोने आणि त्राओरे या दोन कुळांचं थट्टेचं नातं, पणजोबांच्या पणजोबांपासूनचं. कोने दिसला की त्राओरेनं त्याला चवळीखाऊ म्हणायचं, कोनेनं ते दुपटीनं परत करायचं, आणि रागवायचं मात्र कुणीच नाही. जो रागावला त्याची गावभर शोभा. वयाचा, हुद्द्याचा मुलाहिजा तिथं चालत नाही. आता तुम्हीच सांगा, अशा वर्गात बाईंनी डोळे वटारायचे तरी कुणावर?

तेनिनबाई तशा अंगानं चवळीच्या शेंगेसारख्या, त्यामुळे पोरांना आणखीच चेव. बाई म्हणाल्या, "सितान, मागं वळून बोलू नकोस," की नऊ वर्षांची सितान त्राओरे उठून उभी राहायची, हात मागं बांधून, अगदी आदबीनं.

"बाई, सकाळी चवळी जरा कमी खात जा. मग असा राग चढत नाही डोक्यात."

वर्ग खो खो हसायचा. मागच्या बाकावरचा एखादा तोंडानं नको तो आवाज काढायचा. बाई फळ्याकडे तोंड करून ओठ चावत उभ्या. हसू त्यांनाही यायचं हो! पण हेडमास्तर सानोगोंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वर्गात एकदा हसलात की वर्ग हातचा गेला." बिचारीनं ते अगदी मनावर घेतलं. टाळ्या वाजवून झाल्या, ओठांवर बोटं ठेवायला लावून झाली, जागा बदलून झाल्या. चवळी काही बंद होईना.

त्यात निरोप आला की गुरुवारी तपासनीस येणार. मागच्या वर्षीच्या तपासनिसानं शेरा मारला होता, 'वर्ग ताब्यात नाही.' यंदा तोच शेरा पुन्हा पडला तर नोकरी कायम व्हायची नव्हती. गाशा गुंडाळायचा आणि राजधानीत, बामाकोला, भावाच्या घरी जाऊन बसायचं. बाईंना जायचं नव्हतं. ही द्वाड कार्टी त्यांना आवडायला लागली होती, पण हे बोलणार कुणापाशी?

बुधवारी त्यांनी पोरांपुढं सरळ हात जोडले. "उद्या साहेब आहेत तोवर चवळीचं नाव काढायचं नाही. 'च'सुद्धा नको."

"चमचा चालेल?" सितान.

"नाही."

"चप्पल?"

"सितान, माझी नोकरी जाईल गं."

सितान गुपचूप खाली बसली. मधल्या सुट्टीत तिनं एकेका त्राओरेला गाठून दम भरला म्हणतात.

गुरुवारी साहेब आले. केस पिकलेले, काखेत फाईल, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मागच्या बाकावर पोरांच्यात दाटीवाटीनं बसले. आणि वर्ग? वर्ग मुका! बाईंनी विचारलं, सात चोक किती, तर एक हात वर होईना. तोंड उघडलं आणि भलताच 'च' बाहेर पडला तर काय घ्या, म्हणून पोरं ओठ गच्च मिटून बसलेली. आता 'चोक'मध्येच 'च' आहे, त्याला कोण काय करणार! साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते.

लिहिता लिहिता त्यांनी फाईलवरचं नाव वाचलं आणि चष्मा काढला.

"कोने? तुम्ही कोने? अहो, मी त्राओरे! आता कळलं. बाईच चवळी खाऊन आल्यावर पोरं पेंगणार नाहीत तर काय!"

त्यात वावगं काहीच नव्हतं, त्यांचा हक्कच होता तो. पण सितान ताडकन उठली.

"ओ साहेब! आमच्या बाईंना चवळीखाऊ म्हणायचं नाही!"

"अगं, मीसुद्धा त्राओरेच आहे."

"मग? तुम्ही तुमच्या हापिसातली कोने शोधा ना! या आमच्या आहेत. यांना आम्हीच म्हणणार!"

आणि कालपासून कोंडलेली वाफ एकदम सुटली. एकतीस त्राओरे बाकांवर चढले. "आमची चवळीखाऊ! आमची!" बाकीचे छप्पन्न टाळ्या पिटायला लागले. साहेबांनी बाकावर हात आपटला, ओरडून पाहिलं, पण ऐकतो कोण. खिडकीत हेडमास्तरांचा पांढराफटक चेहरा उगवला.

बाईंना वाटलं, संपलं सगळं. बामाकोची गाडी, भावजयीचे टोमणे, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, जायचंच आहे तर मन मारून कशाला जायचं असं मनात आलं आणि त्या मोठ्यांदा म्हणाल्या,

"खाल्ली!"

पुढचा बाक थबकला. "काय खाल्ली, बाई?"

"चवळी. आज सकाळी. तीन वाट्या."

सगळा वर्ग चिडीचूप. वर्षभरात बाईंनी कधी कबूल केलं नव्हतं.

"आणि काल साहेबांच्या धास्तीनं चार. दोन दिवसांच्या मिळून किती?"

"सात!" हातच हात वर.

"अशा सात-सात वाट्या चार त्राओरेंनी माझ्या स्वैपाकघरातून चोरल्या, तर किती?"

"अठ्ठावीस!"

"आणि त्यातला एक त्राओरे चष्मा लावून मागच्या बाकावर बसलाय, तर त्याच्या पोटात किती?"

साहेब इतके हसले की फाईल खाली पडली. ती उचलून, डोळे पुसून त्यांनी एका रकान्यात काहीतरी लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद बाईंच्या हातात दिला. "माझ्या ओरडण्यानं गप्प बसले नाहीत हो तुमचे, तुमच्या एका शब्दानं बसले," ते म्हणाले आणि हेडमास्तरांना घेऊन चहाला निघून गेले.

वर्ग ताब्यात आहे काय, असा तो रकाना होता. पुढं लिहिलं होतं, 'आहे.'

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. वर्ग गप्प झाला. कुणी टाळी वाजवली नव्हती, कुणी ओठांवर बोट ठेवायला सांगितलं नव्हतं. सितान बाकावरून उतरली, टेबलापाशी आली आणि वर्गात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बाईंच्या कानाशी लागून हळूच म्हणाली,

"बाई, डोळ्यांतून पाणी कांद्यानं येतं. चवळीनं नाही."