चौरंगाने ऐकलेली कहाणी

मी एक चौरंग आहे, फणसाच्या लाकडाचा. आंबिवलीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. पूजा असली की मला पुसतात, भोवती रांगोळी काढतात आणि दुसऱ्या दिवशी कपाटामागे उभं करून ठेवतात. तक्रार नाही. कपाटामागूनही सगळं ऐकू येतं.

माझा जन्म नौपाड्यातला. सीताराम सुतारांनी मला घडवलं. मंदाकिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या सत्यनारायणासाठी तिच्या सासूबाई, गंगुबाई, मला घ्यायला आल्या. डुगडुगतो का बघायला त्यांनी मला तीनदा जमिनीवर आपटलं. सुनेलाही त्यांनी इतकं पारखून घेतलं नसेल. मंदाकिनी आणि मी एकाच महिन्यात या घराचे झालो, म्हणून मी तिला अगं-तुगंच करतो.

तिची व्रतं पुष्कळ. संकष्टी, सोळा सोमवार, हरतालिका, मार्गशीर्षाचे गुरुवार. उपासाचं तिला कधी ओझं वाटलं नाही. "देवाच्या निमित्ताने घर पुसून निघतं," एवढंच म्हणते. मी मात्र पूजेखेरीजही राबलो आहे. माझ्यावर पापड वाळले, मुलाचा गृहपाठ झाला. टाळेबंदीत त्याच मुलाने, सिद्धेशने, माझ्यावर लॅपटॉप ठेवून दीड वर्ष नोकरी केली. मंदाकिनी रोज संध्याकाळी मला ओल्या फडक्याने पुसायची आणि देवाची माफी मागायची. आता सिद्धेश पुण्याला असतो. घरात ती आणि तिचे यजमान महिपतराव.

महिपतराव खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठे लागली आहे ते कर्ण्यावरून सांगायचं काम त्यांचं. आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला प्रवासी पिशवी घेऊन धावत सुटावा. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. "चहा फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे, प्रवाशांनी कप घेऊन यावे," असं ते स्वयंपाकघरातून पुकारायचे. मंदाकिनी म्हणायची, "अहो, शेजारी हसतात."

गेल्या वर्षी नवरात्रात त्यांना अर्धांगाचा झटका आला. देवीची कृपा, लवकर लक्षात आलं. हात पंधरा दिवसांत चालू लागला, पण जीभ जड झाली. बोलणं लटपटायला लागलं. एकदा त्यांनी किराणावाल्याला फोन करून तांदूळ सांगितले, तर पलीकडून कुणी हसत म्हणालं, "काका, सकाळी सकाळीच घेतलीत काय?" जन्मात सुपारीचं खांड न खाल्लेला हा माणूस. त्यांनी फोन ठेवला आणि त्या दिवसापासून तोंड उघडलं नाही. मान हलवायची, बोट दाखवायचं, बस्स.

कल्याणच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांनी मंदाकिनीला स्पष्ट सांगितलं, "रोज मोठ्याने वाचायला लावा. आत्ता नाही बोलले तर जीभ तशीच राहील. हे दोन-तीन महिने फार मोलाचे आहेत." ती पेपर पुढे धरायची, ते भिंतीकडे तोंड फिरवायचे.

घर मात्र तिने विझू दिलं नाही. पाच वाजता आल्याचा चहा, सातला समई, गॅलरीतल्या उन्हात त्यांची खुर्ची, पाठीला जुन्या साडीची उशी. बाजरीची भाकरी करताना ती एकटीच दोघांचं बोलायची. आजारपण घरात आलं होतं खरं, पण तिने त्याला बसायला पाट दिला नाही.

मग मार्गशीर्ष लागला. पहिल्या गुरुवारी तिने स्वतः पोथी वाचली. दुसऱ्या गुरुवारी सकाळी तिने माझ्यावर लाल वस्त्र घातलं, तांदळाची रास घातली, कलश ठेवला, नारळ, देवीचा मुखवटा, शेवंतीची वेणी. सगळं झाल्यावर इकडे-तिकडे पाहिलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मागच्या कोपऱ्यात, वस्त्राखाली सरकवला. पुटपुटली, "आई, आज एक खोटं बोलणार आहे. रागावू नकोस."

दिवसभर पोटात पाण्याखेरीज काही नाही. संध्याकाळी समई लावून ती पोथी घेऊन बसली. "अहो, चष्मा कुठे दिसतोय का? सापडत नाहीये."

महिपतरावांनी खुर्चीवरून मान हलवली. नाही.

"मग कसं व्हायचं? कहाणी वाचल्याशिवाय उपास सुटत नाही. तुम्ही वाचता?"

पुन्हा मान. नाही.

"बरं, राहू दे. बसते अशीच," ती म्हणाली आणि खरंच मांडी घालून बसली. आठ वाजले. साडेआठ झाले. तिच्या पोटातली गुरगुर मला ऐकू येत होती, म्हणजे त्यांनाही येत असणार.

तेवढ्यात शेजारची माया आली. शाळेत शिकवते. त्यांच्या घरी सकाळी बुद्धवंदना असते, पण गुरुवारच्या खिरीला ती दर वर्षी हजर. "काय काकू, आरती नाही अजून? चष्मा हरवला? आणा इकडे, मी वाचते. दहा मिनिटांत उरकते."

आता सगळा बेत फसणार, असं मला वाटलं.

"तू नको गं," मंदाकिनी घाईने म्हणाली. "तू वाचलंस की देवीला वाटेल, आता ही आपल्याला प्रश्नोत्तरं लिहायला लावणार."

"कायच्या काय. असं कधी वाचलं मी?" माया म्हणाली आणि पोथीकडे हात नेता नेता थांबली. तिने काकूंच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग काकांकडे. "पण खरंय. माझा घसा बसलाय आज. काका, बघा बुवा तुम्हीच. म्हातारी चक्कर येऊन पडली तर तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची कुणी?"

"म्हातारी कुणाला म्हणतेस?"

महिपतराव उठले. माझ्यासमोर येऊन बसले. पोथी हातात धरली. पहिला शब्द चार वेळा आपटला, पाचव्यांदा निघाला. मग दुसरा. एका ओळीला पाच मिनिटं. कपाळावर घाम आला. मंदाकिनीने मध्ये एक अक्षर सुचवलं नाही, मायाने घड्याळाकडे पाहिलं नाही. अर्ध्यावर आल्यावर त्यांना ती जुनी लय सापडली. कहाणीतली राणी राजवाड्यातून निघाली की जणू गाडीच सुटायची. माया पदराआड... नव्हे, ओढणीआड हसत होती. कहाणी संपली तेव्हा दहा वाजायला आले होते.

आरती झाली. मंदाकिनीने त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली. त्यांनी एक चमचा खाल्ला, थांबले, आणि दोन महिन्यांत कुणी न विचारता पहिल्यांदा बोलले.

"सा... साखर कमी आहे."

चाळीस वर्षांच्या संसारात आपल्या खिरीला नाव ठेवलेलं तिने कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी ती साखरेचा डबा आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शुक्रवारी सकाळी तिने कलश हलवला, वस्त्र उचललं. महिपतराव मागेच उभे होते. चष्म्याकडे बघून सावकाश म्हणाले, "राहू दे तिथेच. अजून दोन गुरुवार आहेत."

या वर्षी माझा रंग उडाला आहे, एक पाय कलला आहे. नवीन चौरंग घ्यायचं चाललंय, घेऊ देत. अजूनही 'र' म्हणताना महिपतरावांची जीभ अडते, पण बोलायचं थांबत नाहीत. मजल्यावरच्या बायका दर गुरुवारी जमतात, ते कहाणी वाचतात आणि मध्ये थांबून स्वतःचेही चार शब्द घालतात. मंदाकिनी म्हणते, "अहो, पोथीत आहे तेवढंच वाचा. बायकांना स्वयंपाक आहे."

तुमच्या घरी असं कुणी गप्प बसलं असेल तर 'काय झालं' म्हणून त्यांच्या मागे लागू नका. समई लावा, समोर बसा आणि त्यांच्याकडे एखादं काम मागा. वेळ लागेल. तेव्हा आधी कपभर दूध पिऊन घ्या, देवी काही म्हणत नाही. मी अगदी जवळून पाहिलं आहे तिला.