न सांगितलेली तक्रार

अण्णांचा तळहात आधी आठवतो, चेहरा नंतर. फाल्गुनातलं अजून न तापलेलं ऊन बिबवेवाडीतल्या त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजात तिरकं उतरायचं आणि त्या उन्हात माझ्या लाल गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर तो रुंद, भेगाळलेला, रेषारेषांत वंगण मुरलेला तळहात टेकायचा. अण्णा एकदाच दाबायचे. गाडी खाली जायची, वर यायची, स्थिरावायची. तेवढा वेळ त्यांचे डोळे मिटलेले असायचे. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर हात ठेवून श्वास पाहावा, तसं ते गाडीचं बसणं-उठणं पाहायचे. मग डोळे उघडून स्वतःशीच म्हणायचे, "मऊ हाय अजून."

माझा हा छंद सांगताना मला अजूनही जरा ओशाळल्यासारखं होतं. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून वळणावळणांची वाट आखतात आणि एकेका गाडीने, शंकू न पाडता, घड्याळाशी शर्यत करायची. मी बँकेत नोकरी करणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई. गाडी दिसायला घरगुती, इंजिन मात्र अंगापेक्षा मोठ्या जिवाचं. "भाजी आणायला जातेस तेव्हा कुठे जाते ही घाई?" असं आमच्या घरी विचारलं जातं आणि उत्तराची अपेक्षा नसते. अशा गाडीचं दुखणं एकच. वेगात वळवली की ती नाक सरळ पुढेच रेटते आणि वळण हातातून निसटतं. मागच्या चाकांचे धक्के झेलणारे शॉकअप थोडे कडक केले की शेपूट हलकं होतं, गाडी वळायला राजी होते. किती कडक, ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही. ते अण्णांच्या बोटांत होतं.

अण्णा मूळचे वारज्याचे, शेतकऱ्याघरचे. गाव शहराने गिळलं, शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्याबद्दल विचारलं की ते पाना शोधायला लागत. टेकडीवर ग्लिरिसिडियाच्या झाडांना फिकट गुलाबी बहर आला की मात्र गॅरेजच्या दारात उभे राहून दोन मिनिटं तिकडे बघत, आणि त्या दोन मिनिटांत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा एक न लिहिलेला नियम होता.

दुसरा नियम तक्रारीचा. बारा वर्षं प्रत्येक फेरीनंतर गाडीचं दार उघडायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "तक्रार सांगा." सुरुवातीला एकदा मी भिडेखातर म्हणाले, की गाडी छान चालली. अण्णा दिवसभर दुसऱ्याच गाडीखाली राहिले. संध्याकाळी म्हणाले, "छान तर सगळेच म्हनत्यात, ताई. दुखतंय कुठं ते बोला." माझ्या जिभेला आमच्या घरात आजवर कोणी गोड म्हटलेलं नाही, अण्णांकडे मात्र तिला मान होता. मी कुरकुरायची, ते ऐकायचे, मान हलवायचे आणि गाडीखाली सरकायचे. आमचं सगळं नातं त्या कुरकुरीवर उभं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटच्या दोन वर्षांत अण्णा थकले. साखरेच्या आजाराचा बधिरपणा त्यांच्या पायांतून हातांत आला. एकदा तापलेल्या सायलेन्सरवर त्यांचं बोट टेकलेलं मी पाहिलं. ते टेकलेलंच राहिलं. मी ओरडले तेव्हा त्यांनी बोटाकडे न बघता आधी माझ्याकडे बघितलं. "उन्हानं तापलंय," म्हणाले. मी मान डोलावली.

शॉकअपच्या टोकाशी एक छोटी घुंडी असते. ती पूर्ण आवळायची आणि मग उलटी फिरवत खटके मोजायचे. मैदानावर आजूबाजूला इंजिनं गर्जत असतात, खटका ऐकू येत नाही. तो बोटाच्या टोकालाच लागावा लागतो. अशाच एका स्पर्धेच्या रविवारी अण्णांनी मागच्या दोन्ही घुंड्या लावल्या, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि म्हणाले, "दोन्हीकडं आठ."

पहिल्या फेरीत गाडी उजवीकडे शहाण्या मुलीसारखी वळली आणि डावीकडे पसरत गेली. दोन शंकू आडवे झाले. डोक्यावर रुमाल टाकून अण्णा नेहमीसारखे दूरच्या वळणावर उभे होते. तिथून चालत येईपर्यंत त्यांना धाप लागली. "तक्रार सांगा."

"काही नाही, अण्णा. माझंच चुकलं. डावीकडे उशिरा वळवली."

त्यांनी रुमालाने मान पुसली. "पानी पिऊन येतो," म्हणाले.

ते पाठमोरे होताच मी धुळीत गुडघे टेकले. डाव्या बाजूला आठ खटके. उजव्या बाजूला अकरा. पुन्हा मोजले, कारण आपण चुकावं अशी मनापासून इच्छा होती. अकराच होते. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या बाजूवर येतो, आणि तीच बाजू तीन खटके मऊ राहिली होती. मी उजवी घुंडी तीन खटके आवळली, हात पुसले आणि कुणाचीतरी चोरी केल्यासारखी गाडीत जाऊन बसले.

दुसरी फेरी त्या वर्षातली माझी सगळ्यात चांगली फेरी होती.

अण्णा सावकाश चालत आले. या वेळी त्यांनी तक्रार विचारली नाही. माझ्या गुडघ्यांवरच्या धुळीकडे बघून म्हणाले, "गाडीला हात कुनी लावला?"

"कोणी नाही."

"डावीकडं मघा वळत नव्हती. आता वळली. किती होते?"

अकरा. एवढा एक शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, "आठच होते, अण्णा."

त्यांनी फडक्याने एकेक बोट पुसलं. बराच वेळ पुसलं. "व्हय. आठच असतील," म्हणाले, आणि पाने पिशवीत भरायला लागले.

पुढच्या महिन्यात फोन केला तर म्हणाले, "आता बिबवेवाडी लांब पडतं, ताई." तीस वर्षं वारज्याहून त्यांनी तो रस्ता रोज तुडवला होता. पुढे गॅरेजचं शटर उतरलं ते उतरलंच. हल्ली मी गाडी एका तरुण मुलाकडे देते. त्याचं यंत्र चारही चाकांचे आकडे कागदावर छापून देतं आणि ते आकडे अचूक असतात.

मी त्या दिवशी दया केली, असं बरेच दिवस स्वतःला समजावलं. खरं तर त्यांचं थकणं मला बघवत नव्हतं, म्हणून मी डोळे मिटून घेतले. अकरा म्हटलं असतं तर ते चिडले असते, मग हसले असते, आणि म्हणाले असते, "बरं, बोटं तुमची, नजर माझी." असे आणखी चार-पाच फाल्गुन सहज निघाले असते. माणूस एका दिवसात दूर जात नाही. ज्या क्षणी आपण त्याला खरं सांगायचं थांबवतो, त्या क्षणापासून तो निघालेला असतो, आणि आपण मात्र आपल्याला किती सांभाळून बोलता आलं, या समाधानात असतो.